सकाळी सहाचं तापमान

सहाला पाच मिनिटं कमी असताना दर्शनाला आपोआप जाग यायची. गजर लावण्याची गरज तिला गेल्या कित्येक महिन्यांत पडली नव्हती. जाग आल्यावर उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, शक्यतो कूसही बदलायची नाही, आधी थर्मामीटर जिभेखाली धरायचा आणि जो आकडा येईल तो वहीत लिहायचा, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. म्हणून ती तशीच पडून उशाजवळचा थर्मामीटर चाचपडत उचलायची आणि ठाकुर्लीच्या बाजूच्या इमारती खिडकीच्या जाळीतून एकेक करून उजळत जाताना पाहत, तोंड मिटून, त्याच्या बारीक आवाजाची वाट बघायची. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दोघांच्याही सगळ्या तपासण्या झाल्या, त्यांत काही दोष सापडला नाही, आणि दोष सापडला नाही हीच गोष्ट पुढे दोघांनाही जड जाऊ लागली. मग डॉक्टरबाईंनी हा साधा उपाय सांगितला. बाईच्या शरीराचं तापमान महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात खाली असतं, मग एक दिवस ते दोनतीन दशांशांनी वर चढतं, आणि पाळी यायच्या सुमाराला पुन्हा उतरतं. चढायचा दिवस ओळखायचा. आणि एखाद्या महिन्यात ते उतरलंच नाही, सलग अठरा दिवस वरच राहिलं, तर मग दवाखान्यात यायचं.

ठीक सहा वाजता प्रफुल्लचा फोन यायचा.

"किती?"

"छत्तीस पॉइंट चार."

"बरं. पड अजून जरा."

एवढंच बोलणं. प्रफुल्ल आठवड्याचे पाच-सहा दिवस खारवण्याला असायचा, गाडीने साडेतीन तासांवर, समुद्रकाठच्या अणुवीज केंद्राजवळ कंपनीने घेतलेल्या दोन खोल्यांत. शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीला यायचा आणि सोमवारी उजाडताना परत जायचा. दिवसभरात मग त्याला वेळ मिळो न मिळो, पण सहाचा फोन कधी चुकला नाही. दर्शनाला तो आवडायचा. नवरा-बायको आपसांत जे काही बोलतात ते आज ना उद्या सासू-सासऱ्यांना, शेजाऱ्यांना, मैत्रिणींना कळतंच, पण हा एक आकडा असा होता की तो जगात फक्त दोघांनाच ठाऊक असायचा.

दोघंही एकाच कंपनीत होती. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये तिचं ऑफिस होतं. कारखान्यांच्या धुराची, सांडपाण्याची, आवाजाची मोजमापं घेऊन त्यांचे अहवाल तयार करायचे हा कंपनीचा धंदा. खारवण्याचं काम त्यातलंच. तिथल्या केंद्रात यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी आत घेत आणि फिरवून, तापलेलं, एका रुंद कालव्यातून पुन्हा समुद्रात सोडत. त्या पाण्याचा किरणोत्साराशी काही संबंध नसतो, ते फक्त गरम झालेलं असतं. पण गरम पाणी खाडीच्या तोंडाशी सतत ओतत राहिलं तर मासळी दूर निघून जाते, खडकावरचे शिंपले, कालवं, मरतात. म्हणून आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या पाण्यात सात अंशांहून जास्त फरक पडता कामा नये, असं बंधन होतं. प्रफुल्लने रोज सकाळी भिवा नावाच्या तिथल्याच कोळ्याच्या होडीतून जाऊन दोन्ही ठिकाणची तापमानं मोजायची, महिन्याचा तक्ता ठाण्याला पाठवायचा, दर्शनाने तो तपासायचा, आणि सहा महिन्यांनी त्यावरून अहवाल तयार करून सही करायची, अशी ती साखळी होती.

दर्शनाच्या सहीला ऑफिसात मान होता. नोकरीला लागली त्या वर्षी तिने एका कारखान्याचा सबंध महिन्याचा तक्ता, नुसती नजर फिरवून, टेबलाशी बसून लिहिलेला आहे असं ओळखून दाखवलं होतं. विभागप्रमुख साईनाथ सरांनी कसं म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती की माणूस मनाने आकडे लिहितो तेव्हा तोच आकडा लागोपाठ दोनदा लिहायला घाबरतो, शेवटी पाच आणि शून्य टाळतो आणि टाळतोय हे लपवायला मध्येच एकदा टाकतो. खऱ्या आकड्यांना असली कसलीच फिकीर नसते. तिथे दाराशी साइटवरून आलेला एक मुलगा उभा होता, तो हसला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला चहाला विचारलं. तो प्रफुल्ल.

यंदा मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी ती जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून आलेखाच्या कागदावर ठिपके मांडत बसली होती. एप्रिलचा आलेख काढून आणा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तीस ठिपके मांडून झाले, रेघ जोडून झाली, आणि ती मान वर करून डोळे मिटणार तेवढ्यात समोरच्या पडद्यावर तिला तीच रेघ दिसली.

पडद्यावर खारवण्याचा एप्रिलचा तक्ता, खालच्या आलेखासकट, उघडा होता. महिन्याच्या सुरुवातीलाच तो तिने तपासला होता आणि चांगला आहे म्हणून पुढे पाठवला होता. तिने वही काढली आणि बोट ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. बाहेर सोडलेल्या पाण्याचे तीसच्या तीस आकडे तेच होते. रविवारचेसुद्धा, जेव्हा प्रफुल्ल खारवण्याला नव्हताच, तिच्या शेजारी झोपलेला होता. बारा एप्रिलला ती माहेरी, मोहन्याला, चुलतभावाच्या हळदीला गेली होती. रात्रभर जागरण, ढोल, ओल्या अंगाने नाचणं, आणि सकाळी कणकण. वहीत तेराच्या पुढे सदतीस पॉइंट एक असं लिहिलं होतं. तक्त्यातही तेरा एप्रिलला सदतीस पॉइंट एक होतं, आणि शेऱ्यात लिहिलं होतं, 'भरतीमुळे'.

त्या एका शब्दाकडे ती बराच वेळ पाहत राहिली. त्या दिवशी फोनवर तो म्हणाला होता, ताप आहे का, गोळी घे, आज जाऊ नकोस ऑफिसला. तिला बरं वाटलं होतं. तेवढ्या मायेने बोलून फोन ठेवल्यावर त्याने तो आकडा उचलून पाण्याच्या नावावर लिहिला असणार, आणि तो जरा जास्त वाटतो म्हणून त्याला कारणही शोधलं असणार.

संध्याकाळी ऑफिसची गाडी शीळफाट्याला नेहमीसारखी अडकली. बाकीच्या बायका भाजी निवडावी तशा फोनवरचे व्हिडिओ निवडत होत्या. दर्शना खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि मनाशी मागचे महिने उलगडत होती. सकाळी सहाला फोन करणारा माणूस आपली चौकशी करत होता की दिवसाचं काम उरकत होता, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर तिला लगेच मिळालं. पण ते उत्तर तिने मान्य केलं नाही. तिच्या स्वभावात ते नव्हतं. आधी पुरावा हवा होता.

म्हणून सोमवारपासून तिने एक गोष्ट केली. थर्मामीटरवर छत्तीस पॉइंट चार आलं, तिने प्रफुल्लला छत्तीस पॉइंट सात सांगितलं. मंगळवारीही तीन दशांश वाढवून सांगितलं. असं शुक्रवारपर्यंत. खरे आकडे तिने वहीतही लिहिले नाहीत, मनातच ठेवले. आणि थर्मामीटर मागचा आकडा लक्षात ठेवतो म्हणून रोज तो पेल्यातल्या पाण्यात धरून खरा आकडा पुसून टाकला. महिन्याच्या तक्त्यात आता तिचं खोटं जसंच्या तसं उमटून येईल, तो कागद प्रफुल्लच्या पुढे ठेवायचा, आणि मग तो काय बोलतो ते ऐकायचं.

दोन जूनला तक्ता आला. तिने तो आठवडा काढला. सोमवार, छत्तीस पॉइंट चार. मंगळवार, छत्तीस पॉइंट तीन. पाचही दिवस, जे तिने कुणालाही सांगितले नव्हते, कुठेही लिहिले नव्हते, तेच आकडे तिथे ओळीने बसलेले होते.

तिने पडदा बंद केला आणि बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग परत येऊन पुन्हा पाहिलं. आकडे तेच होते.

रविवारी सकाळी, चहाचे कप अजून भरलेले असताना, तिने एप्रिलचा तक्ता आणि आपली वही शेजारी शेजारी ठेवली. प्रफुल्लने दोन्हीकडे पाहिलं आणि तो काही नाकबूल करण्याच्या भानगडीत पडला नाही. उलट त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखा तो खुर्चीत मागे टेकला. मार्चपासून केंद्राचा एक मोठा पंप बंद पडलाय, तो सांगू लागला, पाणी कमी फिरतंय म्हणून जास्त तापतंय, आत घेताना तीसच्या आसपास आणि बाहेर पडताना एकोणचाळीसच्या पुढे असतं. वरून निरोप आला की फरक सातच्या आतच दिसला पाहिजे, पंप येईपर्यंत. तेव्हापासून होडी काढलेली नाही.

"पण माझेच का?" दर्शनाने विचारलं. "काहीही लिहायचं होतंस."

"काहीही लिहिलं असतं तर तू ओळखलं असतंस." तो खाली पाहत म्हणाला. "तुला मनाचे आकडे कळतात. मला खरे हवे होते."

तिने मे महिन्याचा तक्ता काढला आणि त्या पाच दिवसांवर बोट ठेवलं. हे माझे खरे आकडे कुठून आणलेस, मी तुला दुसरेच सांगितले होते, असं ती म्हणाली तेव्हा प्रफुल्ल पहिल्यांदा गोंधळला. ते माझे नाहीत, तो म्हणाला. पावसाळ्यात होडी जाऊ शकत नाही म्हणून पंधरा मेपासून कालव्याच्या मुखाशी आपोआप तापमान मोजणारी पेटी बसवली आहे. रोज सकाळी सहाचा आकडा ती स्वतःच ठाण्याच्या संगणकावर पाठवते, आपण फक्त तो तक्त्यात उतरवतो. पेटी बसवल्यापासून मी मनाचं एक अक्षर लिहिलेलं नाही, असं त्याने तिच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, आणि शपथेचा हात तिने मानेवरून काढून टाकला.

"मग पंधरा मेनंतरही रोज फोन करून किती म्हणून का विचारत होतास?"

"बंद केलं असतं तर तुला संशय आला असता," तो म्हणाला.

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. त्याने त्याच दिवशी दुपारी बॅग भरली आणि पुढचे शनिवार तो खारवण्यालाच राहिला. सहाला फोन करू नकोस एवढंच तिने त्याला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने भिवाला फोन लावला. त्याचा नंबर तक्त्यावर साक्षीदार म्हणून छापलेला असायचा. बोलणं मात्र कधी झालं नव्हतं. ती ठाण्याच्या ऑफिसातून बोलतेय म्हटल्यावर भिवा इतका मोकळा झाला की तिलाच अपराधी वाटलं. कुणीतरी विचारायला फोन करील म्हणून तो तीन महिने वाट बघत होता. पेटी आहे का, तर आहे, लोखंडी खांबाला बांधलेली, अर्धी पाण्यात. पाणी कसं आहे?

"हात धरवत नाय, बाय," भिवा म्हणाला. "खडकावरची कालवं सगली तोंड वासून पडल्यान. जालं टाकतो नि रिकामं वर येतं."

तिच्या सांगण्यावरून त्याने होडीतला जुना काचेचा थर्मामीटर बादलीत त्या पाण्यात धरला आणि त्याचा फोटो पाठवला. एकोणचाळीस पॉइंट दोन. त्याच सकाळी, त्याच पाण्यात बुडालेल्या पेटीने छत्तीस पॉइंट तीन कळवलं होतं. मी लिहीन, दर्शनाने भिवाला शब्द दिला, सहामाही अहवालाबरोबर लिहून देईन. ऑफिस सुटायच्या आत तिने पत्राचा मसुदा तयार केला: पेटी सदोष आहे, हाताने घेतलेलं मोजमाप सोबत जोडलं आहे, पेटी तात्काळ काढून घ्यावी. ते पत्र तिने खणात ठेवलं.

आणि तिने स्वतःचं तापमान घेणं थांबवलं. थर्मामीटर कपाटावर टाकला, वही रद्दीत. आपणच मोजलं नाही तर जगात कुणाला काही कळायचा प्रश्नच नाही, असा तिचा सरळ हिशोब होता. साईनाथ सरांकडून पेटीचे आकडे थेट बघायची परवानगी तिने मागून घेतली होती, ती कामाचा भाग म्हणून. पण ऑफिसात पोचल्यावर पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी ती ते पान उघडू लागली. छत्तीस तीन. छत्तीस चार. दहा जूनला छत्तीस सात. त्या दिवशी ती दर महिन्याप्रमाणे ओटीपोटात बारीकशी कळ येऊन जागी झाली होती आणि तो दिवस कोणता असतो हे तिला न मोजताही ठाऊक होतं. प्रफुल्ल गेला त्याच्या आदल्या रात्री, काहीही विचारायच्या आधी, दोघं जवळ आली होती. तेही तिला आठवलं, आणि पुरावा काढायच्या आदल्या दिवशी आपण त्याला तसं जवळ का येऊ दिलं हे तिला सांगता आलं नसतं.

आकडा वरच राहिला. छत्तीस आठ, सात, आठ, नऊ. केंद्रात यंत्रांचा भार कमीजास्त झाला, भरती आली, ओहोटी आली, जूनअखेर समुद्र गढूळ झाला, आणि या कशाचीच दखल न घेता ती रेघ तिच्या अंगाच्या आतल्या वाटेने चालत राहिली. दर्शनाने एकदा मुद्दाम ताप आल्यासारखं व्हावं म्हणून पहाटे पाचला दोन गोधड्या अंगावर घेऊन तास काढून पाहिला, एकदा सहाच्या आधी उठून बर्फ चघळला. त्या दिवशीचे आकडे तिने मोजले नाहीत तरी पाहिले, आणि ते तसेच वर-खाली झालेले बघून पुन्हा असं काही करायचं नाही असं ठरवलं. सकाळी दात घासताना आरशात आपल्याकडे पाहणंही तिने बंद केलं. कुणीतरी आधीच पाहून गेलेलं आहे, अशी भावना तिला आरशासमोर व्हायची.

सत्तावीस जूनला दुपारी दीड वाजता प्रफुल्लचा फोन आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"दर्शना, अठरा झाले," तो म्हणाला.

"काय अठरा?"

"खाली आलं नाही. मी रोज बघतोय. मी पेटीपाशी जाऊन उभा राहतो सकाळचा. तू सांगत नाहीस, मग मी तिथे जातो. अगं, आपलं…"

तिने फोन ठेवला. त्या दिवशी सकाळी तिने स्वतःही सतरा की अठरा हे बोटांवर मोजलं होतं आणि संध्याकाळी केमिस्टकडे जायचं ठरवलं होतं. ही बातमी आपण त्याला कशी सांगू याचं सात वर्षांत तिने हजारदा चित्र रंगवलं होतं. कधी स्वयंपाकघरात, कधी दुर्गाडी किल्ल्याच्या पायऱ्यांवर, कधी नुसता हात धरून. सांगायची वेळ आली तेव्हा ती त्याला आधीच ठाऊक होती, आणि ती त्याला खारवण्याच्या एका लोखंडी खांबाने सांगितली होती. संध्याकाळी तिने चाचणी केली. दोन रेघा उमटल्या. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून रडली, आणि रडताना आपण आनंदाने रडतोय की कशाने हे तिला ठरवता येईना.

जुलैच्या सात तारखेला सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला आणि करड्या धुक्यात लुकलुकणारा एक ठिपका दाखवला. हृदय सुरू झालंय, त्या म्हणाल्या. दर्शनाने कुणालाच कळवलं नाही. सासूबाईंना नाही, मोहन्याला आईला नाही, प्रफुल्लला तर नाहीच. ही एक गोष्ट तरी काही दिवस आपली राहू दे, असं तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सहामाही अहवालावर सह्या व्हायच्या होत्या. साडेअकराच्या सुमारास ती खणातलं पत्र घेऊन साईनाथ सरांच्या केबिनमध्ये गेली. रात्रभर विचार करून ती त्या निर्णयाला आली होती. पेटी निघाली की हे सगळं संपेल, पाणी पाण्याच्या जागी राहील आणि आपण आपल्या जागी; भिवाला दिलेला शब्दही राहील. आपण हे कुणासाठी करतोय याची तिला आता खात्री होती, आणि कित्येक आठवड्यांनी तिचं मन स्वच्छ होतं.

साईनाथ सरांनी पत्र दोनदा वाचलं, भिवाचा फोटो पाहिला, चष्मा काढून पुसला. तुम्ही म्हणताय म्हणजे पेटीत दोष असणारच, ते म्हणाले. केंद्रातल्या माणसांना पेटी आत्ताच्या आत्ता काढायला सांगणं हे एका फोनचं काम आहे, लेखी नंतर पाठवू. त्यांनी रिसीव्हर उचलला, एका हाताने नंबर शोधता शोधता दुसऱ्या हाताने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"तसंही तिथे काहीतरी बिघडलेलंच दिसतंय. हे दुसरं काय आहे, पाहा बरं. खारवण्याला आपली पेटी एकच ना?"

"एकच, सर."

पडद्यावर मात्र दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत छत्तीस पॉइंट आठ. तिच्याखाली, काल नसलेल्या ओळीत, सदतीस पॉइंट तीन. आज सकाळी सहापासून.

साईनाथ सर फोनवर बोलू लागले. खांबाला बांधलेली पेटी, हो, मुखाशी, आता लगेच काढून बाहेर ठेवा. पलीकडच्या माणसाने काहीतरी विचारलं असावं, ते थांबून ऐकत होते. दर्शनाची नजर पडद्यावर होती. पेटी दिवसातून एकदाच आकडा पाठवते, सकाळी सहाला. मधल्या वेळात तो बदलत नाही. खालच्या ओळीत सदतीस दोन झालं. तिने डोळे मिटून उघडले. सदतीस. वरचा आकडा जागचा हलला नव्हता. छत्तीस नऊ. छत्तीस सात. माणूस गेला का खांबापाशी, असं सर विचारत होते. छत्तीस चार.

तिने हात पुढे केला आणि फोनच्या खटक्यावर बोट दाबून धरलं.

साईनाथ सर रिसीव्हर कानाशी तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिले. वीस वर्षांच्या नोकरीत असं त्यांच्याशी कुणी वागलं नसेल. तिने माफी मागितली, त्यांचाच फोन त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा लावला, आणि पेटी आहे तिथेच असू द्या, कुणी हात लावू नका, असं अगदी शांत आवाजात सांगितलं. मग टेबलावरचं पत्र उचलून घडी घातली आणि भिवाच्या फोटोसकट पर्समध्ये ठेवलं. माझी चूक झाली, ती म्हणाली. फोटो जुना असावा, पेटीत काही दोष नाही.

"दर्शना, बरं वाटत नाही का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी बरी आहे, ती म्हणाली. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "पण मग ही दुसरी ओळ? आणि ही पहिलीपेक्षा अर्ध्या अंशाने जास्त का?"

दर्शनाने पाहिलं. खालच्या ओळीत पुन्हा सदतीस तीन झालं होतं.

"आतलं थोडं जास्तच गरम असतं, सर," ती म्हणाली.

ते उत्तर त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण तिच्या तोंडून आलेलं म्हणून त्यांनी मान डोलावली आणि अहवाल तिच्यापुढे सरकवला. पर्समध्ये फोन थरथरत होता. आज सही होणार हे तिनेच भिवाला सांगून ठेवलं होतं. तिने तो वाजू दिला. प्रत्येक पानावर सही केली, शेवटच्या पानावर पूर्ण नाव लिहिलं, आणि तारीख घालता घालता एकदा वर पाहिलं.

वरचा आकडा होता तिथेच होता. खालचा सदतीस पाच झाला होता, मग सदतीस सहा, भिवाच्या फोटोतल्या एकोणचाळीसच्या दिशेने. आणि तो थांबत नव्हता.